पांढरीतली चांदी

मावशींनी देवघरातला बटवा आणला, त्याची नाडी सोडली आणि पाटावर पाच रुपये ओळीनं मांडले. जुन्या नांदेडातलं होळी भागातलं घर, अंगणात तुळस, ओसरीवर सकाळचं ऊन. "हे कलदार नाही बरं का, हाली आहे," त्या म्हणाल्या. "मामंजींनी कापसाच्या पट्टीत आणलेले. दिवाळीला लक्ष्मीपूजनापुरते बाहेर निघतात."

मी एक उचलून उन्हात धरला. एका बाजूला चारमिनार, चारी मनोरे अजून टोकदार, आणि मधल्या कमानीत उर्दूचं एक इवलंसं अक्षर. ते 'ऐन', म्हणजे उस्मानचं पहिलं अक्षर. त्याआधीच्या निजामाच्या, महबूब अलीच्या रुपयावर त्याच कमानीत 'मीम' असायचं. रुपया कुणाच्या राज्यातला, ते अडाणी माणसालाही कमानीत डोकावून कळावं अशी ही सोय.

मराठवाड्यातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द अजून आठवतात. हाली सिक्का हैदराबाद संस्थानाचा, कलदार इंग्रजांचा. हालीचे सात द्यावेत तेव्हा कलदारचे सहा मिळायचे. बार्शीला किंवा सोलापूरला बाजार करायला जाणाऱ्यानं हद्दीवर रुपया बदलला की सराफ वर आपला बट्टा कापून घ्यायचा. आज आपण एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द या व्यवहारातलाच. १९४८ साली संस्थान भारतात आलं तरी हाली लगेच गेला नाही. पन्नासच्या दशकात तो हळूहळू चलनातून उतरला आणि बटव्यात जाऊन बसला.

मी आलो होतो दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या शोधात. मावशींच्या "कापसाच्या पट्टीत आणलेले" या तीन शब्दांनी मला सगळ्या प्रवासाची किल्ली दिली. मराठवाडा काळ्या कातळाचा आणि काळ्या मातीचा मुलूख आहे. इथं चांदीची खाण नाही. या भूमीत चांदीचं नाणं सापडलं, तर बहुधा इथलं काहीतरी बाहेर विकलं गेलं आणि त्याच्या बदल्यात ते आलं. कापूस असेल, कापड असेल, दगड असेल. नाणं ही इथल्या मालाची पावती.

दुपारी गोदावरीच्या घाटावर गेलो. नांदेडचं नाव आज घेतलं जातं ते गुरू गोविंदसिंगांमुळे. १७०८ साली त्यांनी इथं देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. शहरातल्या गुरुद्वाऱ्यांपैकी दोन जागांच्या कथा मला या प्रवासात खास वाटल्या. माळटेकडीला जुना खजिना जमिनीतून निघाला आणि संगतसाहिबला गुरूंनी तो सैनिकांना पगार म्हणून ढालीनं मापून वाटला, असं शीख परंपरा सांगते. नाणी मोजत बसायला वेळ नव्हता, ढालीत भरून ओतली. कथा श्रद्धेची आहे आणि मी ती श्रद्धेनंच ऐकली. नांदेडच्या मातीत जुनं धन आहे, ही समजूत लोकांच्या मनात किती खोल आहे, तेही तीतून कळतं.

या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. बौद्ध ग्रंथांत सोळा महाजनपदांची यादी येते. त्यांतलं एकच दक्षिणेत होतं, गोदावरीकाठचं अश्मक, पाली भाषेत अस्सक. त्याची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन, असं बरेच अभ्यासक मानतात. बिलोलीच्या पलीकडं मांजरा ओलांडली की तेलंगणातलं हे गाव येतं. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. अस्सक आणि अळक या प्रदेशांच्या सीमेवर, गोदावरीच्या तीरावर त्याचा आश्रम होता. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला निघाले. ते पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत करत श्रावस्तीला पोचले आणि तिथून पुढं गेले. धर्मकथा म्हणून वाचा, पण मुक्कामांची ही यादी जशीच्या तशी व्यापारी मार्गाची आहे. शिष्य गेले त्याच वाटेनं बैलगाड्या जात होत्या आणि त्याच वाटेनं उत्तरेची चांदी दक्षिणेत येत होती.

ती यायची आहत नाण्यांच्या रूपात. चांदीचा पत्रा ठोकायचा, त्याचे तुकडे कापायचे, वजन भरेपर्यंत कोपरे छाटायचे आणि मग एकेक ठसा स्वतंत्रपणे ठोकायचा: सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, डोंगर, हत्ती, झाड. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे मावशींच्या रुपयाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. त्याचं नाव कार्षापण. त्यावर राजाचं नाव नाही, चेहरा नाही, एक अक्षरही नाही. पाठीमागं बहुतेकदा कोरं, किंवा सराफांनी तपासून मारलेल्या बारीक खुणा. आपल्याकडची नाणावटी, पोतदार, सराफ ही आडनावं या नाणेपारख्यांच्या धंद्यातून आली.

नांदेडचं स्वतःचं नाव कधी दिसतं? वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात 'नांदीकड' येतं. हे आजचं नांदेड, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. ताम्रपटात दान दिलेलं गाव या नांदीकडच्या 'उत्तर मार्गा'वर असल्याचं लिहिलंय. 'मार्ग' हा तिथं विभागाला वापरलेला शब्द. मुलखाचे भाग रस्त्याच्या नावानं ओळखले जात होते, हे वाचून मी बराच वेळ थबकलो.

दुसऱ्या दिवशी कंधारला थांबलो. मन्याडच्या खोऱ्यातला हा किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, आणि राष्ट्रकूट काळातल्या क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे तुकडे. एकेक पाऊल असं की शेजारी माणूस उभा राहिला तर लेकरू वाटावं. राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास घडवलं. नवव्या शतकातल्या अरब प्रवाशांनी त्यांच्या राजाला 'बल्हरा' म्हणत जगातल्या चार थोर राजांत बसवलं. मात्र या एवढ्या मोठ्या घराण्याच्या नावानं खात्रीनं दाखवता येतील अशी चांदीची नाणी जवळपास नाहीत. सत्तेच्या मापानं नाणी पाडली जातात असं आपण धरून चालतो, ते इथं चालत नाही.

मग लोक व्यवहार कशावर करायचे? बऱ्याच प्रमाणात जुन्याच नाण्यांवर. सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाचा चांदीचा रुपक घ्या. दोनेक ग्रॅमचं छोटं नाणं, एका बाजूला राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. अंजनेरीच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात अजून 'कृष्णराज रुपका'त रक्कम लिहिलेली आहे. राजा जाऊन दीडशे वर्षं झाली, घराणं बुडालं, तरी नाणं खणखणीत म्हणून चाललं. मावशींच्या घरीही निजाम जाऊन पाऊणशे वर्षांनंतर चारमिनार पाटावर मांडलाच होता.

कंधार सोडल्यावर डोंगराच्या उतरंडी लागतात. अहमदपूरकडून लातूरला येताना दोन्ही बाजूंना तुरीची पिवळट झाडं, शेंगांनी वाकलेली, मध्येच करडई, मध्येच हुरड्यात आलेली ज्वारी. लातूरचं जुनं नाव लत्तलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, श्रेष्ठ नगर लत्तलूरचे स्वामी. त्यांची राजधानी मान्यखेटला गेली, कंधारचं नाव झालं, तरी बिरुदात मूळ गाव राहिलं. पुढं कर्नाटकात सौंदत्तीला राज्य करणारे रट्टही हेच बिरुद मिरवत.

सराफ कट्टा बघायचा म्हणून मी सकाळी गंजगोलाईत गेलो आणि चक्रावलोच. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवती गोलाकार दुकानं, तिथं एकही फळी उघडी नव्हती. चहाची टपरीसुद्धा बंद. तूर आणि सोयाबीनच्या भावासाठी सगळा महाराष्ट्र ज्या बाजाराकडं कान लावून असतो, तिथं त्या दिवशी कबुतरांचा आवाज ऐकू येत होता. मी कुणाला तरी विचारायला गेलो, तर डोक्यावर टोपलं घेऊन निघालेल्या एका काकांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही गावातच? आज येळवस हाय की!"

वेळ अमावस्या, इकडच्या बोलीत येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या पट्ट्यात या दिवशी गावं, शहरं ओस पडतात आणि सगळं माणूस शेतात जातं. कचेऱ्या बंद, बाजार बंद, घरांना कुलपं. ज्याचं शेत नाही त्याला दुसरा बोलावतो. मलाही बोलावणं होतं, मुरूडच्या पुढं, तेरणेच्या काठी, एका मित्राच्या थोरल्या भावाच्या शेतात.

ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुढं लक्ष्मी. पूजा झाल्यावर घरधन्यानं आंबिलाचं मडकं घेऊन रानाभोवती फेरी मारली, पिकावर आंबील शिंपडत. मग पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, ताकाची आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, वाल, हरभरा, पालेभाज्या अशा रानातल्या झाडून सगळ्या गोष्टी बेसनात शिजवलेल्या. ती मी तीनदा घेतली.

जेवण झाल्यावर दादांनी तेरणेपलीकडच्या उंचवट्याकडं बोट केलं. "ती तेरची पांढरी. आमच्या लहानपणी मोठा पाऊस होऊन गेला की आम्ही पोरं तिकडं पळायचो. मातीतनं मणी वर आलेले असायचे. लाल, काळे, पट्ट्यापट्ट्याचे. कधी शिशाचा पैसा."

पांढरी हा शब्द शहरातल्या वाचकाला सांगायला हवा. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख आणि शेण मिसळत गेलं की माती पांढुरकी होते आणि जागा उंचावते. पुरातत्त्ववाले टेकाड शोधतात. आपल्या शेतकऱ्यानं त्याला कधीचं नाव देऊन ठेवलंय. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना छतावर टाकायला ही पांढरी मातीच उत्तम, पाणी धरत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या लोक गाड्या भरभरून पांढरी खणत आले. सातवाहनांच्या नगराचे थर असे किती छपरांवर गेले असतील! ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची ती जड घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदं संपत गेली आणि पांढरीही खणायची थांबत गेली. एवढ्या मोठ्या दुःखाशेजारी हे लिहिताना हात अडखळतो, पण घडलं ते असं.

तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ साली लातूर वेगळा होण्याआधी हा सगळा एकच जिल्हा होता आणि रान अजूनही एकच आहे. वारकऱ्यांना तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. समाधीच्या देवळात सकाळी टाळ वाजत होते. मातीला हात लावणाऱ्या संताचं हे गाव, आणि गावाची थोरवी सांगायला उरलीय तीही मातीच: पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा, मातीच्या बाहुल्या, खापरं. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि त्याची मागची बाजू अर्धगोल आहे, कार्ल्याच्या चैत्यासारखी. ती बौद्ध चैत्याच्या घडणीची वास्तू पुढं विष्णूचं देऊळ झाली. भोवती फेरी मारताना गोलाई उजव्या हाताला वळत राहते आणि आपण लेण्यात आहोत की देवळात, असा क्षणभर संभ्रम पडतो.

हेच ते तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं नगर, असं तो लिहितो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचला येते, तीही धड रस्ते नसलेल्या मुलखातून, गाड्यांवर लादून. तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली अभ्यासक फ्लीट यांनी ते तेर असल्याचं दाखवून दिलं. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद लावलं, तेव्हा याच गावाची आठवण ते वागवत होते.

कापड गेलं, बदल्यात काय आलं? तोच व्यापारी भडोचला उतरणारा माल सांगतो: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं. आणि सोन्याचांदीची नाणी, जी देशी चलनात बदलली की नफा होतो. म्हणजे रोमन नाणं इथं मालासारखं येत होतं, वजनावर. भडोचच्या बाजारात त्या काळीही अपोलोडोटस आणि मिनांडर या इंडो-ग्रीक राजांचे जुने द्रम्म चालत, अशीही नोंद तो करतो. हे राजे त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचे. पुन्हा तेच, राजा गेला, नाणं राहिलं. त्या ग्रीक 'द्राख्मा'चा आपल्याकडं द्रम्म झाला, द्रम्माचा दाम झाला. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त कोष्टक दिलं, वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म. भाजीवाल्याशी 'दाम' या शब्दात घासाघीस करताना आपण ग्रीक बोलत असतो.

तिकडं रोममध्ये प्लिनी हा लेखक चिडला होता. भारत दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं त्यानं लिहिलं. चार सेस्टर्सचा एक दिनार, म्हणजे सव्वा कोटी दिनार. आकडा रागाच्या भरात फुगवलेला असू शकतो. पण ज्या कापडावर हा राग होता त्यातलं काही तेरणेच्या काठी विणलं जात होतं.

एवढी चांदी आली तर रोमन नाणी इथं पोत्यानं सापडायला हवीत. दक्षिण भारतात मोठे साठे सापडलेही. आपल्या बाजूला मात्र ती फार थोडी. बऱ्याच नाणेतज्ज्ञांचं मत असं की पश्चिमेला ती वितळवली गेली. शक क्षत्रप नहपानानं चांदीची नाणी पाडली त्यांत रोमन चांदी असावी. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला, याच गोदावरीच्या काठी, नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा पराभव केल्यावर त्यानं त्याची नाणी आटवत वेळ घालवला नाही. शत्रूच्या चेहऱ्यावरच आपला डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह ठोकलं. सातवाहनांचा रोजचा व्यवहार शिशाच्या, तांब्याच्या, पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांवर चालायचा. चांदीची चेहऱ्याची नाणी पाडायला ते यानंतर लागले, आणि तीही क्षत्रपांच्या धर्तीवर. त्यांच्यावर एका बाजूला प्राकृत मजकूर आहे, दुसऱ्या बाजूला दक्षिणी भाषेतला. दोन भाषकांच्या हातून फिरणारं नाणं दोन्हींत वाचता यावं, ही दृष्टी मला फार मोठी वाटते. मराठी, तेलुगू, कानडी जिथं एकमेकींत मिसळतात त्या बिलोली-देगलूर-उदगीर भागाच्या कडेनं नुकताच आलो होतो म्हणून तर जास्तच.

नाणी बाजारात नुसती फिरतच नव्हती, गुंतवलीही जात होती. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातला लेख वाचावा. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडं ठेव म्हणून ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक व्याजानं, हजार शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत द्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. राजघराणं आपला पैसा विणकरांच्या संघटनेकडं निर्धास्त ठेवतं, एवढी त्या विणकरांची पत. तगरच्या विणकरांचा असा लेख आपल्या हाती नाही, तरी जगभर मलमल पाठवणारे हे लोक अशाच श्रेणींत बांधलेले असणार, असं मला वाटतं.

तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय एका गावकऱ्याच्या ध्यासातून उभं राहिलं. पांढरीतून निघणारे मणी, नाणी, मूर्ती रामलिंगप्पांनी जपून ठेवल्या, त्या पुढं शासनाच्या स्वाधीन झाल्या. वस्तू परगावी न जाता जिथं सापडल्या तिथंच राहिल्या, हे उपकार विसरू नयेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती इथं आहे, वीतभरही नसेल. कमरेची मेखला, हातभर बांगड्या, सगळं सुईच्या टोकानं कोरल्यासारखं. अशाच घडणीची बाहुली १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. ते शहर इसवी सन ७९मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे बाहुली त्याच्या आधी तिथं पोचलेली.

मी मात्र सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो मातीच्या एका चकतीपाशी. तेर, कोंडापूर, कोल्हापूर अशा सातवाहन काळातल्या ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. त्यांतल्या काही सम्राट टायबेरियसच्या नाण्यावरून घेतल्याचं अभ्यासक सांगतात. नाणं ओल्या मातीवर दाबलं, चेहरा उमटला, वर दोरा ओवायला नाकं किंवा भोक ठेवलं आणि भाजलं. गळ्यात घालायला. ज्याला खरं रोमन नाणं परवडत नव्हतं त्यानं मातीचं घातलं. चांदी आटून गेली, तिचा चेहरा मातीनं धरून ठेवला.

या चकत्यांना अभ्यासक 'बुल्ला' म्हणतात. रोमन मुलगे गळ्यात घालत त्या ताईताचं हे नाव, आणि हा ताईत रोमनांनी घेतला इट्रुस्कन लोकांकडून. रोमच्या उत्तरेला, आजच्या तोस्कानात, रोमच्या उदयाआधी हे लोक नांदत होते. त्यांच्या पोपुलोनिया या बंदरात एल्बा बेटावरचं लोखंड गाळलं जायचं. तिथं त्यांनी चांदीची नाणी पाडली, एका बाजूला जीभ बाहेर काढलेल्या गॉर्गनचा चेहरा, खाली किमतीची खूण, आणि पाठ बहुधा कोरी, आपल्या आहत नाण्यांसारखी. ती नाणी आपल्या मुलखाबाहेर फारशी गेलीच नाहीत. जवळच्या देवाणघेवाणीसाठी पाडलेली, तिथंच राहिली. रोमची चांदी समुद्र ओलांडून तेरणेपर्यंत आली. नाणं किती सुंदर पाडलं, यावर ते किती दूर जाईल हे ठरत नाही. पलीकडच्या टोकाला हवा असलेला माल कोण विणतो, यावर ते ठरतं.

आणि दूर आलेलं नाणं गळ्यात घालायची आपली सवय काही सुटली नाही. पुतळ्यांची माळ आपल्याकडं लग्नात घालतात. त्या पुतळ्या म्हणजे मूळचे व्हेनिसचे डुकाट. त्यांवर संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला नगरप्रमुख अशा आकृत्या असत, म्हणून लोकांनी नाव दिलं पुतळी. पुन्हा इटलीचंच नाणं, पुन्हा आपल्याच बायकांच्या गळ्यात.

परतताना दादांकडं चहाला थांबलो. त्यांच्या भावकीतल्या एकाला वीसेक वर्षांपूर्वी पाया खणताना मडक्यात चांदीची नाणी लागली होती. त्यानं ती चिंचेच्या पाण्यात घासून लख्ख केली, तालुक्याच्या एका सराफाकडं नेली आणि सराफानं वजनावर घेऊन आटवली. लेकीच्या पैंजणांचं काम झालं. "चेहरे होते म्हणे त्याच्यावर," दादा म्हणाले. त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण कुणाचे चेहरे, किती नाणी, मडकं किती खोल, शेजारी काय होतं, यातलं काहीच आता कळणार नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या शेतकऱ्यांना, गवंड्यांना, ट्रॅक्टर आणि पोकलेनवाल्यांना विनंती आहे. पांढरीत किंवा रानात जुनी नाणी लागली तर ती घासू नका, मडकं फोडू नका, जागेवर खूण करा, मोबाइलवर फोटो काढा आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कळवणं त्यानं बंधनकारक केलंय आणि लपवणं गुन्हा ठरवलंय. पण हाच कायदा सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही मानतो. शासनानं ठेवा स्वतःकडं घ्यायचं ठरवलं तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्यात आहे.